चौकटीबाहेरचा कुत्रा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, काळ्या धोतऱ्याचे एक झाड आपोआप वाढले होते. कमरेइतके उंच, फांद्या वांग्यासारख्या जांभळ्या, आणि फूल म्हणाल तर एका कर्ण्यात दुसरा कर्णा बसवावा तसे दुहेरी; बाहेरून जांभळे, आतून पांढरे. महादेवाला धोतरा वाहतात, गणपतीच्या एकवीस पत्रींतही त्याचे पान असते. त्यामुळे हे झाड उपटून टाकावे असे घरात कोणाच्या मनात आले नाही. उलट सोमवारी सकाळी शेजारच्या आजी फूल मागायला येत, तेव्हा आम्हांला थोडा अभिमानच वाटे.

धोतऱ्याचे फूल दिवस कलता कलता उमलते. त्या दिवशी मी शाळेतून लवकर आलो होतो. वर्गात लावण्यासाठी या फुलाचा एक चांगला फोटो काढावा असे मनात आले, आणि खिशातला मोबाइल काढून मी झाडापुढे उकिडवा बसलो. आमचा मोत्या जवळच होता. गावठी कुत्रा, वर्ण तपकिरी, स्वभाव चौकस. मी जेथे पाहतो तेथे आपणही पाहिले पाहिजे, अशी त्याची समजूत. दोनदा त्याचे नाक फुलापुढे आले आणि दोनदा मी त्याला ढोपराने बाजूला सारले. मग एक फांदी आड येऊ लागली. तिला दोन काटेरी बोंडे लागली होती. मी ती विळ्याने छाटली आणि मागे वळूनही न पाहता पाठीमागे भिरकावून दिली. चौकट मोकळी झाली. फोटो सुरेख आला.

रात्री नऊच्या सुमारास मोत्या दाराच्या चौकटीला धडकला. पुन्हा उठला, पुन्हा धडकला. जीभ कोरडी, अंग तापलेले, आणि हवेत कोणी दिसावे तसा तो रिकाम्या जागेवर झडप घालीत होता. पत्नीने दिवा जवळ नेला. “अहो, याचे डोळे बघा कसे झालेत,” ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांतली तपकिरी कडा नाहीशी झाली होती. सगळा डोळा म्हणजे एक काळी बाहुली. मग मी बॅटरी घेऊन परसात गेलो. दोन्ही बोंडे चेंडू समजून त्याने फोडली होती आणि बिया मातीत विखुरल्या होत्या.

तालुक्याच्या पशुवैद्यांना आम्ही झोपेतून उठवले. भला माणूस. “गुरुजी, काय खाल्लं त्याने? झाड दाखवता येईल का?” असे त्यांनी विचारले. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “फोटो छान आलाय. झाड कळलं. आता बिया किती पोटात गेल्या ते सांगा.” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तो खात होता तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे होती.

मोत्या वाचला. कोळशाची पूड, सलाईन, आणि अंधाऱ्या खोलीत दोन रात्री. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखले. परंतु डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. विषारी झाडाचे चित्र काढणारा माणूस नेमके काय पाहतो आणि कशाकडे पाठ फिरवतो? शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न निदान दीड हजार वर्षांचा जुना आहे. आणि आश्चर्य असे की त्याच्या अगदी पहिल्या पानावरच एक कुत्रा मरून पडलेला आहे.

*

व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयात एक चामड्याच्या पानांचे हस्तलिखित आहे. इसवी सन ५१२च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल नगरीत ते तयार झाले. अनिकिया जुलियाना नावाच्या राजकुळातील स्त्रीने एक चर्च बांधून दिले, म्हणून तेथील नागरिकांनी कृतज्ञतेने तिला हा ग्रंथ भेट दिला. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी वनस्पतींवर जे लिहिले, त्याची ही सचित्र प्रत. वनस्पतींची सुमारे ४०० रंगीत चित्रे तीत आहेत, आणि त्यांतली कित्येक इतकी हुबेहूब की आजचा वनस्पतिशास्त्रज्ञही झाड ओळखू शकेल. पुढे तुर्कांनी नगर जिंकले. ग्रंथ मात्र टिकला. सुलतान सुलेमानाच्या ज्यू वैद्याच्या मुलाकडे तो असताना बुस्बेक या ऑस्ट्रियन वकिलाने तो पाहिला. शंभर डुकाट किंमत ऐकून बिचारा हबकला आणि त्याने बादशहाला गळ घातली. १५६९ साली ग्रंथ बादशाही संग्रहासाठी विकत घेतला गेला.

या ग्रंथाच्या आरंभी दोन चित्रे आहेत. पहिल्यात डायोस्कोरिडीस आसनावर बसला आहे आणि ‘शोध’ या कल्पनेची मूर्ती असलेली ह्युरेसिस नावाची स्त्री त्याच्या हाती एक झाड देत आहे. ते झाड मँड्रेकचे. त्याची मुळी माणसाच्या धडासारखी, दोन पाय फुटलेली. आणि त्या मुळीला दोरीने बांधलेला एक कुत्रा खाली प्राण सोडीत आहे.

दुसऱ्या चित्रात मध्यभागी एपिनोइया, म्हणजे विचारशक्ती, तेच झाड हातात धरून उभी आहे. एका बाजूला डायोस्कोरिडीस लिहीत आहे. दुसऱ्या बाजूला चित्रकार बसला आहे. त्याच्यापुढे पान ताणून लावलेले आहे, आणि झाडाकडे पाहत पाहत तो त्याचे चित्र काढीत आहे. विषारी झाडाचे चित्र काढले जात असतानाचे इतके जुने दुसरे चित्र मला तरी माहीत नाही. या चित्रात लेखक आहे, चित्रकार आहे, झाड आहे. कुत्रा नाही. पहिल्या पानावर त्याचे काम संपले. दुसऱ्या पानावर त्याची आठवण कोणालाच उरलेली नाही.

हा कुत्रा तेथे आला कोठून? मँड्रेक ही भूमध्य समुद्राच्या आसपासची वनस्पती. आपल्या महाराष्ट्रात ती होत नाही. पाने जमिनीलगत पसरलेली, फुले जांभळट, फळे लहानशा टोमॅटोसारखी पिवळी. तिची मुळी वेदना घालवते, झोप आणते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला तिचा अर्क मद्यातून द्यावा, असे डायोस्कोरिडीसच लिहितो. मात्रा चुकली तर झोप कायमची. अशा वस्तूभोवती भयाच्या कथा न जमल्या तरच नवल. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने मुळ्या खणणाऱ्यांचे विधी नोंदवले आहेत. मँड्रेकभोवती तलवारीने तीन वर्तुळे आखावीत, पश्चिमेकडे तोंड करून ती कापावी, इत्यादी. त्यात कुत्रा नाही. तो येतो पहिल्या शतकात, ज्यू इतिहासकार जोसीफस याच्या ग्रंथात. मृत समुद्राच्या पूर्वेला, बारास नावाच्या जागी एक ज्वालेच्या रंगाची वनस्पती उगवते. तिला उपटणारा मरतो. म्हणून तिच्याभोवती माती उकरून कुत्रा बांधावा आणि आपण चालू लागावे. कुत्रा धन्यामागे धावतो, मुळी उपटते, कुत्रा जागच्या जागी मरतो, आणि माणूस निर्धास्तपणे ती उचलतो. जोसीफसने या झाडाला मँड्रेक म्हटलेले नाही. लोकांनी पुढे ही कथा मँड्रेकला चिकटवली. मुळी उपटताना किंचाळते आणि ते ऐकणारा मरतो, ही भर मध्ययुगात पडली.

या कथेतले क्रौर्य पहा. कुत्र्याला मारते ते झाड नव्हे; त्याची धन्यावरची माया त्याला मारते. माणूस पुढे चालू लागला नसता तर तो धावलाच नसता. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या चित्रकारांनी हा कुत्रा लपवला नाही. पुढची हजार वर्षे युरोपातील वैद्यकाच्या हस्तलिखितांत मँड्रेक आला की त्याच्या पायाशी दोरी आली आणि दोरीच्या टोकाला कुत्रा आला. हे झाड विषारी आहे हे शब्द वाचता न येणाऱ्यालाही त्यामुळे कळे. कथा खोटी होती; चित्र मात्र इशाऱ्याचे काम करीत होते.

*

ही गोष्ट खोटी ठरवली बागा करणाऱ्या माणसांनी. लंडनमधील होबर्न भागात जॉन जेरार्ड नावाच्या शस्त्रवैद्याची मोठी बाग होती. १५९७ साली त्याने वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या त्याच्या तसबिरीत हातात बटाट्याची फुलोऱ्यासकट डहाळी आहे, यावरून माणसाची आवड कळावी. मँड्रेकच्या कथांची तो टर उडवतो आणि सांगतो की मी आणि माझ्या नोकरांनी कितीतरी मँड्रेक खणले, लावले, पुन्हा उपटून लावले. ना कोणी किंचाळले, ना मुळीत माणूस दिसला. या ग्रंथात इतरांचे उसने पुष्कळ आहे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण या एका बाबतीत जेरार्डने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्याने स्वतःचे हात मातीत घातले. कुत्र्याची दोरी त्या दिवशी सुटली.

येथे एक शंका येते. दोरी सुटली, पण विष गेले काय? नाही. मँड्रेक आणि आपला धोतरा ही एकाच कुळातली झाडे. वांगे, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू हीही त्याच कुळातली. मँड्रेक आणि धोतरा यांच्यात तर विषही एकच आहे: हायोसायमीन, अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलमीन. ती पोटात गेली की शरीरातल्या काही मज्जातंतूंचा निरोप अवयवांपर्यंत पोचत नाही. लाळ आटते, घाम थांबतो, म्हणून अंग तापते, नाडी धावते, भ्रम होतो, आणि डोळ्याची बाहुली पसरते, मिटेनाशी होते. लहान मुलांचे डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी अ‍ॅट्रोपीनचेच थेंब घालतात. कॅमेऱ्याच्या भिंगाचे दार पूर्ण उघडे राहून बंदच होऊ नये, तसे त्या रात्री मोत्याच्या डोळ्यांचे झाले होते. म्हणून डॉक्टरांनी त्याला अंधारात ठेवले. व्हिएन्नाच्या चित्रातला कुत्रा आणि माझा मोत्या यांच्यामध्ये दीड हजार वर्षे असतील. विष दोघांच्या कथेत एकाच जातीचे आहे.

*

धोतऱ्याची एक जुनी छापील हकीकत युरोपला पुरवली ती आपल्या गोव्याने. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत येथेच राहिला. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे कौलाने होते. तेथे त्याची वाडी होती, आंबे होते. १५६३ साली गोव्यातच त्याचा ग्रंथ छापून निघाला. ओर्ता आणि नुकताच आलेला त्याचा मित्र रुआनो यांचे संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. धोतऱ्यावरचा संवाद सुरू होतो तो एका घरातून आलेल्या बोलावण्याने. घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारला, किल्ल्या व दागिने घेतले आणि ती पळाली. वैद्य जाऊन पाहतात तो बाई नुसती हसते आहे. काहीही विचारा, उत्तर हसण्याचे. ओर्ता घाबरत नाही. असे प्रकार येथे नेहमीचे आहेत हे तो जाणतो, आणि उपचाराला लागतो.

ओर्ताच्या ग्रंथात वनस्पतींची चित्रे नाहीत. पण मला वाटते, चित्र नसल्यामुळेच त्याला काही गोष्टी दिसल्या. झाडाच्या रूपावर तो फार रेंगाळत नाही. कोणाच्या हातून, कोणाच्या पोटात आणि कशासाठी, हे तो सांगतो. पुढे एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोतरा चारून लुबाडणाऱ्यांची प्रकरणे इंग्रजी अमलातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत पानोपानी येतात. त्यांतही हेच प्रश्न आहेत. किती? केव्हा? कोणी दिले? माझ्या तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारले तेच.

आपल्या ‘धत्तूर’ शब्दावरूनच लिनियसने या साऱ्या वंशाला ‘दतुरा’ हे नाव दिले. ते १७५३च्या त्याच्या ग्रंथापासून जगभर रूढ झाले. गंमत अशी की या वंशाचे मूळ घर अमेरिका खंड आहे, असे शास्त्रज्ञ आज मानतात. तरीही कोलंबसाच्या पुष्कळ आधी धोतरा भारतात होता, असा पुरावा २००७ साली मांडला गेला. आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेख त्यात साक्षीला आहेत. तिकडे अमेरिकेत १६७६ साली व्हर्जिनियातील बंड मोडायला जेम्सटाउनला गेलेल्या इंग्रज सैनिकांनी याच झाडाची कोवळी पाने भाजी म्हणून शिजवून खाल्ली. पुढे अकरा दिवस ते वेड्यासारखे वागले. कोणी पीस उडवीत बसला, कोणी वानरासारखा उघडा कोपऱ्यात बसून दात विचकीत राहिला. आणि शुद्धीवर आल्यावर कोणालाही काही आठवेना. रॉबर्ट बेव्हर्लीने १७०५च्या आपल्या इतिहासात ही कथा दिली आहे. तेव्हापासून अमेरिकेत या झाडाला जेम्सटाउनचे तण म्हणतात. बोलता बोलता त्याचे ‘जिमसन’ झाले.

*

मग कॅमेरा आला, आणि चित्रांतून जनावर पुन्हा नाहीसे झाले. याचे कारण अगदी साधे आहे. आरंभीच्या छायाचित्राला वेळ फार लागे. डागेरने १८३८ साली पॅरिसमधील एका रुंद रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता माणसांनी, गाड्यांनी वाहत होता. चित्रात मात्र तो ओसाड दिसतो. हललेले सारे पुसले गेले आणि एका जागी उभा राहून बूट पुसून घेणारा एक माणूस तेवढा उमटला. जे हलते ते कॅमेऱ्याला दिसत नसे. झाड हलत नाही, कुत्रा हलतो. म्हणून झाडे ही छायाचित्रकलेची पहिली लाडकी गिऱ्हाईके झाली. इंग्लंडात टॅलबटने पाने व फुले थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात त्यांची रूपे उमटवली. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईने १८४३पासून समुद्रशेवाळांची निळ्या कागदावरची चित्रे वहीरूपाने प्रसिद्ध केली. ती विलक्षण सुंदर आहेत. त्यांत झाड आहे आणि भोवती निळी पोकळी. झाडाला कोण खाते, कोण हुंगते, त्याच्या जवळून कोण जाते, यांपैकी काहीही नाही.

पुढे कॅमेरा वेगवान झाला, कुत्रा धावताना टिपता येऊ लागला. पण फूल एकटे पाहण्याची ती सवय टिकली. आपणही फुलाचा फोटो काढताना मागचा घडा, दोरीवरचे धोतर आणि शेजारचे जनावर बाजूला सारतोच.

या सवयीचा मोठा इतिहास एका चित्रकर्तीच्या आयुष्यात पाहायला मिळतो. जॉर्जिया ओकीफ हिचा जन्म १८८७चा. फुले प्रचंड मोठी करून रंगवण्याबद्दल ती प्रसिद्ध झाली. पुढे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी मुलखात ती राहू लागली. तेथे धोतऱ्याची एक पांढऱ्या फुलांची जात आपोआप उगवते. संध्याकाळी उमलणारे ते फूल तिला इतके आवडले की विषारी आहे हे माहीत असूनही तिने घराच्या अंगणात ते वाढू दिले. १९३२ साली तिने त्याचे एक चित्र केले, चार फूट उंचीचे. १९३६ साली न्यूयॉर्कमधील एका सौंदर्यप्रसाधनगृहासाठी आणखी एक, जवळजवळ सहा फूट उंच आणि सात फूट रुंद. यांपैकी पहिले चित्र २०१४ साली ४ कोटी ४४ लाख डॉलरना विकले गेले. कोणत्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. आपल्याकडे उकिरड्यावर उगवणारे झाड!

ओकीफने कॅमेराही हाती घेतला, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नव्हती. तिची छायाचित्रे २०२१ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रथमच एकत्र मांडली गेली. त्यांत १९६४ ते १९६८ या काळातील, झटपट छापणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याने घेतलेली धोतऱ्याच्या फुलांची चित्रे होती. आणि त्यांत तिचे कुत्रेही होते. १९५०नंतर तिने चाऊ जातीचे केसाळ कुत्रे पाळले. एकामागून एक असे कित्येक, अखेरपर्यंत. अंगणात पसरलेला कुत्रा, मातीच्या भिंतीपुढे काळ्या ढिगासारखा बसलेला कुत्रा. तेच घर, तेच अंगण, तीच बाई आणि तोच कॅमेरा. एकीकडे विष, एकीकडे जीव लावलेले जनावर. ती चित्रे पाहताना मला एकच विचारावेसे वाटले: बाई, फुलाकडे पाहताना कुत्र्याकडे तुमचे लक्ष असे ना? जी बाई कुत्र्याकडे भिंतीच्या छायेइतक्या बारकाईने पाहू शकते, ती त्याच्याकडे पाठ फिरवणारी नसावी, असे मी माझ्या समाधानासाठी धरून चालतो. मी तेवढेही केले नव्हते.

*

आता कोणी म्हणेल, विषारी झाडे बागेत असूच नयेत. हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. कण्हेर, पिवळी बिट्टी, कळलावी, गुंज, धोतरा ही सारी काढू म्हटले तर आपली अर्धी परसे ओसाड होतील आणि देवपूजाही अडेल. शिवाय सर्व विषे आपल्याला आधी कळलेली असतात असेही नाही. लिलीचेच पहा. शंभर वर्षे बियाणे विकणाऱ्यांच्या सूचीपत्रांत तिची चित्रे छापली गेली, फुलदाणीत ती आणि शेजारी उशीवर मांजर असे सुखी घराचे चित्र मानले गेले. खऱ्या लिलीची पाने, फुले, अंगावर सांडलेला परागही चाटला तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होते, हे पशुवैद्यांच्या नियतकालिकांतून ठळकपणे पुढे आले ते १९९०च्या सुमारास. कुत्र्याला त्याच फुलाने तसे होत नाही. म्हणजे प्रत्येक झाडापुढे प्रत्येक प्राण्याचा हिशोब वेगळा, आणि तो हिशोब मुक्या जनावरांच्या जिवावर मांडला गेला.

तरी एक चांगली गोष्ट झाली आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७८ साली जनावरांच्या विषबाधेसाठी एक सल्लाकेंद्र निघाले. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी तेथील संस्था ते आज चालवते. या संस्थेने वनस्पतींची मोठी यादी केली आहे. झाडाचे छायाचित्र, आणि त्याखाली: कुत्र्याला विषारी, मांजराला विषारी, घोड्याला विषारी. ती यादी पाहताना मला व्हिएन्नाचे ते पहिले पान आठवले. दीड हजार वर्षांनी कुत्रा झाडाच्या पायाशी परत आला आहे. या वेळी गळ्यात दोरी नाही, आणि तो मरत नाही. त्याने वाचावे म्हणून त्याचे नाव तेथे छापले आहे.

छायाचित्राला मी दोष देत नाही. त्या रात्री माझ्या मोबाइलमधल्या फोटोवरून डॉक्टरांनी क्षणात झाड ओळखले. तो नसता तर अर्धा तास वर्णनात गेला असता. पण फोटो काढणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात, हे मी आता शिकलो आहे. जनावर आधी घरात बांधावे. आड आलेली फांदी छाटू नये. छाटलीच तर बोंडे मोजून, उचलून खड्ड्यात पुरावी. फोटो झाल्यावर हात धुवावेत, कारण तोच हात आपण कुत्र्यापुढे धरतो. आणि जनावराने काही खाल्लेच, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. फोटो आणि उरलेला तुकडा, दोन्ही घेऊन.

परसातले झाड अजून आहे. त्याच्याभोवती मी कुपाटी घातली आहे, आणि सोमवारची फुले आता आजींना मीच काढून देतो. वर्गात मात्र तो सुरेख फोटो लावला नाही. त्या संध्याकाळी काढलेल्या आणि मी फसले म्हणून बाजूला ठेवलेल्या फोटोंपैकी एक मोठा करून घेतला. त्यात फूल थोडे अस्पष्ट आहे आणि डाव्या कोपऱ्यातून मोत्याचे अर्धे तोंड आत आले आहे. मुले पहिल्या दिवशीच विचारतात, “गुरुजी, इथे कुत्रा कसा आला?” मग मी त्यांना सांगतो. सांगताना, ती फांदी मी कशी फेकली, ते वगळत नाही.